चावायचा नव्हे, दाढेत धरायचा: निकोटिन गमचे बारा आठवडे

सिगारेट सोडण्यासाठी मेडिकलमध्ये मिळणारा निकोटिनचा गम मी 1 ऑगस्ट 2024 पासून ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत वापरला. त्याविषयी जे सांगण्यासारखे आहे ते मुख्यतः पहिल्या पंधरवड्यातले आहे. पुढच्या दोन-अडीच महिन्यांत फारसे काही घडले नाही, आणि खरे तर काही न घडणे हेच त्या औषधाचे काम होते. मी सांगलीत करसल्लागार आहे. बावीस वर्षे ओढत होतो, दिवसाला पंधरा-सोळा, आणि हिशेबाची मुदत जवळ आली की वीस. गमच्या ब्रँडचे नाव मुद्दामच लिहीत नाही. दोन वेगवेगळ्या कंपन्यांचा माल मी वापरला आणि चव सोडली तर त्यांत मला काही फरक जाणवला नाही. शिवाय माझी तक्रार मालाविषयी कमी आणि तो ज्या रीतीने आपल्या हातात पडतो तिच्याविषयी अधिक आहे.

तारीख निवडताना मी फार विचार केला नव्हता. 31 जुलैची विवरणपत्रांची मुदत एकदाची संपली की माझ्या धंद्यात आठ-दहा दिवस थोडी उसंत मिळते, आणि त्या वर्षी 5 ऑगस्टपासून श्रावणही लागणार होता. श्रावण पाळण्याच्या निमित्ताने सिगारेट बंद करण्याचा प्रयोग मी याआधी तीनदा केला होता. तिन्ही वेळा तो गणपतीपर्यंत कसाबसा टिकला आणि विसर्जनाच्या मिरवणुकीत संपला. महिन्याच्या बोलीवर सोडलेली गोष्ट महिना संपताच आपले देणे मागायला येते, असे माझे मत झाले होते, म्हणून या खेपेस श्रावण लागण्याच्या चार दिवस आधीच सुरुवात केली.

गम विकत घेतला तो 31 जुलैच्या संध्याकाळी, घराजवळच्या एका मेडिकलमधून. 2 मिलिग्रॅमचा गम मला डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळाला. काउंटरवरच्या मुलाने खोक्यातून एक पत्ता काढला, "पूर्ण देऊ की पाच?" असे विचारले, आणि मी पूर्ण म्हटल्यावर कागदी पिशवीत घालून दिला. खोके त्याच्याकडेच राहिले, आणि खोक्यात घडी घालून ठेवलेले माहितीपत्रकही त्याच्याकडेच राहिले. कसा घ्यायचा असे मी विचारले, तेव्हा तो मोबाइलवरून नजर न काढता म्हणाला, "च्युइंगमच आहे सर. तलफ आली की चावायचं." या एका वाक्यात दोन चुका आहेत, आणि त्या दोन्ही चुकांची किंमत मी पुढचे दोन दिवस मोजली.

पहिल्या दिवशी सकाळी साडेनऊ वाजता हळदीचे एक व्यापारी त्यांच्या वह्या घेऊन आले होते. त्याआधी तासाभरात मी तीन गोळ्या संपवल्या होत्या, आणि त्यांच्यासमोर चौथी तोंडात टाकली. लहानपणी बबलगम जसा दणादण चावत असू तशीच ती चावली. पहिल्या मिनिटात घशाला मिरी लागल्यासारखे झाले, दुसऱ्या मिनिटात तोंडात पाणी सुटले, ते मी गिळले, आणि तिसऱ्या मिनिटाला उचकी सुरू झाली. ती थांबेना. व्यापाऱ्यांनी तांब्या पुढे केला आणि हसत म्हणाले, "कुणीतरी लई आठवण काढतंय साहेब." आठवण कोण काढत होते ते मला पक्के ठाऊक होते, कार्यालयासमोरच्या रस्त्यापलीकडे, निळ्या ताडपत्रीखालच्या टपरीत, माझी रोजची सिगारेट माझ्या वेळेला हजर होती. दुपारपर्यंत उचकी गेली आणि तिच्या जागी छातीत जळजळ आली. रात्री पत्ता संपला तेव्हा दहा गोळ्यांपैकी एकीनेही तलफ भागली नव्हती, पोट मात्र बिघडले होते. हे औषध निकामी आहे, अशी त्या रात्री माझी खात्री झाली होती, आणि अनेकांचा प्रयत्न याच टप्प्यावर संपत असावा.

दुसऱ्या दिवशी मला खरे शिक्षण दिले ते आमच्या कार्यालयातल्या मामांनी. मामा तीस वर्षे तंबाखू खातात. नवा पत्ता फोडून मी चावायला सुरुवात केली तेव्हा ते फायली लावत होते, थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "साहेब, ह्यात तंबाखूचाच अर्क हाय न्हवं? मग असं चावत्यात व्हय? बार कसा असतोय, मळला, दाढंत सरकवला, की तोंड गप. चावत बसला तर उचकी लागणारच." मी ते हसण्यावारी नेले. दुपारी दुसऱ्या, जरा मोठ्या मेडिकलमध्ये जाऊन मी अख्खे खोके मागितले, पत्रक उलगडले, आणि त्यात शब्दांचा फरक सोडला तर मामांचेच म्हणणे छापलेले होते. हळूहळू चावायचे, जीभ झणझणली किंवा मिरीसारखी चव आली की थांबायचे, गोळी गाल आणि हिरडी यांच्या मध्ये सरकवून ठेवायची, झणझण ओसरली की पुन्हा दोन-चारदा चावून दुसऱ्या बाजूला ठेवायची, असे साधारण अर्धा तास. मामांच्या बारात आणि यात एकच फरक आहे. मामा थुंकतात, आणि इथे थुंकायचे नसते. पण तोंडात फार पाणी सुटत असेल तर आपण जास्त चावतो आहोत असे समजायचे.

यामागचे कारण समजले की पद्धत विसरत नाही, म्हणून ते थोडे सविस्तर सांगतो. या गोळीत निकोटिन मोकळे नसते. ते रेझिन नावाच्या एका राळेसारख्या पदार्थाला बांधलेले असते आणि चावण्याच्या दाबाने, लाळेच्या साहाय्याने थोडेथोडे सुटते. सुटलेले निकोटिन गालाच्या आतल्या त्वचेतून रक्तात जायला हवे, आणि ते तसे जावे म्हणून गोळीत तोंडाचा आम्लपणा कमी करणारा क्षारही घातलेला असतो. घाईने चावले की निकोटिन एकदम सुटते, गाल ते तेवढ्या वेगाने घेऊ शकत नाही, आणि आपण ते लाळेबरोबर गिळतो. गिळलेल्या निकोटिनचा बराचसा भाग यकृत रक्तात मिसळण्याआधीच निकाली काढते. मधल्या मध्ये उचकी, मळमळ आणि जळजळ तेवढी पदरात पडते. थोडक्यात, पहिल्या दिवशी मी दहा गोळ्यांचे पैसे मोजून त्यातले औषध जवळजवळ सगळे वाया घालवले होते.

मामांची तुलना मला वाटली त्याहून अधिक खरी निघाली. हा गम स्वीडनमध्ये जन्मला, आणि त्याची कल्पना पाणबुड्यांतल्या खलाशांवरून सुचली. पाणबुडीत सिगारेट ओढता येत नाही. तिथले धूम्रपान करणारे खलाशी समुद्रावर असताना तोंडात धरायच्या तंबाखूकडे वळतात आणि त्यावर त्यांचे भागते, हे लुंड शहरातील संशोधक क्लास लुंडग्रेन यांच्या लक्षात आले. त्यांनी 1967 मध्ये हेलसिंगबोर्ग येथील लिओ या औषध कंपनीतील रसायनशास्त्रज्ञ ओवे फेर्नो यांना ते कळवले. फेर्नो स्वतः सिगारेट ओढणारे होते. त्यांनी पुढे दहा वर्षे खटपट करून तयार केलेल्या गमला 1978 मध्ये पहिली मान्यता स्वित्झर्लंडने दिली, अमेरिकेने 1984 मध्ये, आणि 2009 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने निकोटिन पुरवणाऱ्या या उपचारांचा अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश केला. म्हणजे तंबाखूचा बार दाढेत धरणाऱ्या माणसाकडे बघूनच हे औषध निघाले आणि फिरून ते मला तशाच माणसाने शिकवले. दाढेत सरकवायची गोळी च्युइंगमसारखी चावायची, हा समज त्याच्या नावामुळेच पसरला असणार. त्याला गम न म्हणता दुसरे काही म्हटले असते तर निम्मी फसगत टळली असती.

काउंटरवरच्या मुलाची दुसरी चूक म्हणजे "तलफ आली की." सिगारेटचा झुरका घेतला की निकोटिन दहा-वीस सेकंदांत मेंदूपर्यंत पोचते, गमला तेच करायला वीस-तीस मिनिटे लागतात, आणि 2 मिलिग्रॅमच्या गोळीतून प्रत्यक्षात साधारण निम्मेच शरीरात जाते. दुसरीकडे, तलफेची एक लाट बहुतेकदा काही मिनिटांतच ओसरते. तेव्हा तलफ आल्यावर तोंडात टाकलेली गोळी ही आग विझल्यावर आलेल्या बंबासारखी असते. ती आधीच, घड्याळ लावून घ्यायची असते: पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक, दिवसाला निदान नऊ, आणि कितीही झाले तरी चोवीसच्या वर नाही. हे कळल्यावर मी एका जुन्या रोजकीर्द वहीत रकाने आखले, वेळ आणि गोळी, आणि धंद्याची सवय म्हणून रोज रात्री बेरीज मारली. ज्या दिवशी बेरीज नवाच्या खाली आली त्या दिवशीच्या पुढच्या सकाळी घरात कोणाशी तरी माझे वाजलेले आहे, हे ती वही आता वाचताना दिसते.

तरीही दुसरा दिवस संपताना मी टपरीच्या दिशेने दोनदा निघालो होतो, आणि पद्धत सुधारूनही फरक अपेक्षेपेक्षा कमी होता. तिसऱ्या दिवशी, शनिवारी, मी 1800-11-2356 या क्रमांकावर फोन केला. हा केंद्र सरकारचा तंबाखूमुक्तीचा मोफत क्रमांक आहे. तो 2016 मध्ये दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमध्ये सुरू झाला, आणि 1 सप्टेंबर 2018 पासून सिगारेटच्या पाकिटांवर छापला जातो. बावीस वर्षांच्या ओढणाऱ्याला तो पाठ असायला हवा होता, पण मला तो शेवटच्या पाकिटावर प्रथमच नीट दिसला, आणि त्याचे कारण साधे आहे: मी आयुष्यभर सुट्या सिगारेटी घेतल्या. महाराष्ट्रात सुटी सिगारेट आणि बिडी विकण्यास सप्टेंबर 2020 पासून बंदी आहे, आणि माझ्या पाहण्यातल्या टपऱ्यांवर ती बंदी कोणाच्या कानावर गेलेली नाही. सुटी घेणाऱ्याच्या हातात पाकीट येत नाही, म्हणून त्यावरचे चित्र येत नाही आणि फोन नंबरही येत नाही.

फोनवरच्या समुपदेशक बाई माझ्याशी मराठीतून बोलल्या. मला उपदेशाची भीती होती. तो झाला नाही. त्यांनी विचारलेला पहिला उपयोगाचा प्रश्न असा होता: "सकाळी उठल्यावर पहिली सिगारेट किती वेळाने ओढायचात?" मी म्हटले, "चहाच्या आधी. पेपर यायच्या आधी." उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट लागणाऱ्याला 2 मिलिग्रॅमचा गम सहसा अपुरा पडतो, 4 मिलिग्रॅमविषयी आपल्या डॉक्टरांना विचारून घ्या, असे त्यांनी सांगितले. दिवसाला किती ओढता यापेक्षा पहिली कधी ओढता यावरून शरीर किती अडकले आहे ते जास्त कळते, हे मला तोवर माहीत नव्हते. 4 मिलिग्रॅमच्या गमला चिठ्ठी लागते. संध्याकाळी आमच्या डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी रक्तदाब तपासला, पंधरा वर्षांत प्रथमच माझ्याकडे बघून समाधानाने मान हलवली, आणि चिठ्ठी लिहून दिली.

तिसरा दिवस सगळ्यांत वाईट असतो असे म्हणतात, आणि माझ्या बाबतीत ते शब्दशः खरे ठरले. शरीरातले निकोटिन दर दोन तासांनी साधारण निम्मे होत जाते. म्हणजे दोन-तीन दिवसांत ते संपूनच गेलेले असते, आणि ओढाताण त्याच सुमारास शिगेला पोचते. त्या शनिवारी रात्री मुलीने माझे पेन वापरून टोपण न लावता ठेवले होते. एवढ्या कारणावरून मी तिला जे बोललो ते इथे लिहिण्याजोगे नाही. ती रडली नाही. तिने टोपण शोधून आणले, लावले, पेन माझ्यासमोर ठेवले आणि आत निघून गेली. सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, त्यापेक्षा जाऊन एक ओढून या." ही परवानगी मला बावीस वर्षांत मिळाली नव्हती आणि नेमकी तेव्हा मिळाली. मी 4 मिलिग्रॅमची पहिली गोळी दाढेत सरकवली आणि गच्चीवर पावसात उभा राहिलो. वीस मिनिटांनी काय झाले असेल तर एवढेच, की खांदे खाली आले. सिगारेटने येते तसे काही आले नाही. तरतरी नाही, हलकेपणा नाही. फक्त कोणीतरी गच्च धरलेला हात सैल सोडल्यासारखे वाटले. या गमकडून एवढीच अपेक्षा ठेवावी. तो सिगारेटची जागा घेत नाही. सिगारेट नसल्याचा त्रास थोडा उतरवतो, आणि पहिल्या आठवड्यात तेवढ्यावर दिवस निभावतो.

दुसऱ्या दिवशी रविवार होता आणि गटारी होती. मित्रांनी मिरजेच्या रस्त्यावरच्या एका शेतात दरवर्षीप्रमाणे बेत ठरवला होता. जाऊ नये असे मला समुपदेशक बाईंनी स्पष्ट सुचवले होते, कारण दारूचा पेला आणि सिगारेट यांची जोडी पहिल्या आठवड्यात तोडता येत नाही. मी गेलो नाही. "अरे, नुसता रस्सा खायला तरी ये," असा फोन तीनदा आला. गेलो असतो तर हा मजकूर लिहिला गेला नसता याबद्दल मला फारशी शंका नाही.

आता गमची खरी उणीव, जी कोणत्याही खोक्यावर ठळक छापलेली मला दिसली नाही: त्याचे आणि चहाचे जमत नाही. आम्लयुक्त पेयांनी तोंडातला तो क्षार निष्प्रभ होतो आणि निकोटिन गालातून आत जाईनासे होते; म्हणून कॉफी, शीतपेये, सरबते, आणि सावधगिरी म्हणून चहाही, गोळीच्या आधी पंधरा मिनिटे आणि गोळी तोंडात असताना घ्यायचा नसतो. परदेशातल्या माणसाला ही किरकोळ सूचना वाटेल. आपल्याकडे सिगारेट मुळात कटिंगच्या काचेच्या ग्लासाला चिकटून येते. साडेअकराला उजव्या हातात ग्लास आणि डाव्या हातात सिगारेट हे माझे बावीस वर्षांचे वेळापत्रक होते, आणि नेमक्या त्याच क्षणी हे औषध कामाचे नसते. यावर मी काढलेला तोडगा असा: अकराला गोळी, साडेअकराला ती टाकून चूळ, पावणेबाराला चहा, तोही टपरीवर न जाता मामांकरवी आत मागवून, आणि रिकाम्या डाव्या हातात पाण्याची बाटली. पहिले पाच दिवस तो डावा हात टेबलावर, गुडघ्यावर, खिशात असा फिरत राहिला; निकोटिन रक्तात असूनही हाताला ते पटत नव्हते.

चहाबाबत आणखी एक गोष्ट डॉक्टरांनी सांगितली, जी मला कोणत्याही जाहिरातीत आढळली नाही. सिगारेटच्या धुरातले काही घटक यकृताला चहा-कॉफीतले कॅफिन भराभर फोडायची सवय लावतात. सिगारेट बंद झाली की काही दिवसांतच ती सवय जाते आणि तेवढ्याच चहाचे कॅफिन अंगात बरेच अधिक आणि अधिक वेळ राहते. हा परिणाम धुराचा आहे, निकोटिनचा नाही, म्हणून गम घेतल्याने तो टळत नाही. पाचव्या-सहाव्या दिवशी मला धडधड, हातांना कंप आणि रात्री दोन वाजता टक्क जाग असा त्रास सुरू झाला होता, आणि मी त्याचे खापर गमवर फोडून तो बंद करायच्या बेतात होतो. सहा कप चहाचे तीन केले, संध्याकाळी पाचनंतरचा बंद केला, आणि तीन दिवसांत झोप जाग्यावर आली. सिगारेट सोडणाऱ्या प्रत्येकाला हे पहिल्याच दिवशी सांगायला हवे, कारण हे न कळल्यामुळे माणूस "सिगारेट सोडल्याने माझी तब्येत बिघडली" असे प्रामाणिकपणे म्हणू लागतो.

पोटाविषयी थोडक्यात लिहितो, कारण विषय टाळला जातो आणि त्रास मात्र बहुतेकांना होतो. सकाळच्या सिगारेटशिवाय पोट साफ होत नाही, हे केवळ मनाचे खेळ नाहीत. निकोटिन आतड्यांना खरोखरच ढकलत असते. पहिला आठवडा मी इसबगोल आणि गरम पाणी यांच्यावर काढला. सकाळची पहिली गोळी उठल्याउठल्या घेतल्याचाही थोडा उपयोग झाला. तोंड येणे हा दुसरा त्रास. तो सोडण्यामुळेही होतो आणि गोळी सतत एकाच बाजूला ठेवल्यानेही होतो, तेव्हा बाजू बदलत राहावे. ज्यांच्या दाढेला टोपी बसवली आहे किंवा कवळी आहे त्यांनी आधी विचार करावा. माझी डावीकडची टोपी सातव्या दिवशी गमला चिकटून हलली, आणि दंतवैद्यांची एक फेरी पदरात पडली. चवीचे बोलायचे तर पुदिन्याची गोळी सुसह्य आहे. पानाच्या चवीची मी एकच घेतली. ती घेतल्यावर पान खावेसे वाटले, आणि पानानंतर सिगारेट, म्हणून ती बाजूला ठेवली.

11 ऑगस्टला मी घसरलो. तो रविवार होता, पण जीएसटीच्या मासिक विवरणपत्राची तारीख असल्याने कार्यालय उघडे होते, आणि रात्री साडेदहापर्यंत बसणे झाले. वहीत त्या दिवशी संध्याकाळी साडेपाचनंतर एकही नोंद नाही. कामाच्या नादात पाच तास गोळी घ्यायची राहिली होती. शेवटचे विवरणपत्र भरून खाली आलो तेव्हा टपरी बंद होत होती. मागितली, पेटवली, तीन झुरके घेतले. डोके गरगरले, घशाला चरचर झाली, आणि चव अशी लागली की जणू कोणी ओला पुठ्ठा जाळून पुढे केला आहे. चौथा झुरका घेतला तो चव पुन्हा पूर्वीसारखी लागते का हे बघण्यासाठी, आणि हा चौथा झुरकाच खरा धोक्याचा होता, हे मला आता कळते. उरलेली पायाखाली विझवली. नंतर पुन्हा त्याच क्रमांकावर फोन केला, तेव्हा बाईंनी विचारले, "गोळी शेवटची कधी घेतली होती?" पाच तास, असे म्हटल्यावर त्या म्हणाल्या की दिवस पुन्हा शून्यापासून मोजू नका, गोळीची वेळ तेवढी चुकवू नका. मी मोबाइलवर गजर लावले. त्यानंतर आजपर्यंत ओढलेली नाही.

खर्चाचा हिशेब विचारला जाईलच. एका गोळीला मला एका लहान सिगारेटइतके पैसे पडले, पण पंधरा-सोळा सिगारेटींच्या जागी दिवसाला दहा-अकरा गोळ्या लागल्या, त्यामुळे पहिल्या महिन्याचा खर्च पूर्वीच्या साधारण दोन-तृतीयांश आला. सातव्या आठवड्यापासून दोन-चार तासांनी एक आणि दहाव्यापासून चार-आठ तासांनी एक असे कमी करत गेल्यावर तो नगण्य झाला. हे कमी करणे मला वाटले होते त्यापेक्षा सोपे गेले. लोक नेमके उलट करतात: तिसऱ्या आठवड्यात बरे वाटले की गम सोडतात, आणि महिन्याने टपरीवर दिसतात. गमची दुसरीच सवय लागेल ही भीती मला घरात आणि बाहेर अनेकांनी घातली. काहींना ती लागतेही, पण गमात डांबर नाही, धूर नाही, कार्बन मोनॉक्साइड नाही, तेव्हा या दोन सवयी एका तराजूत घालण्यासारख्या नाहीत. हृदयविकाराचा झटका नुकताच येऊन गेला असेल, गर्भारपण असेल, किंवा पोटात व्रण असेल, तर मात्र 2 मिलिग्रॅमचासुद्धा डॉक्टरांना विचारल्याखेरीज घेऊ नये.

ज्यांना घ्यायचा आहे त्यांनी पत्ता न घेता खोके घ्यावे आणि पत्रक दुकानातच उघडून बघावे. पहिली सिगारेट उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत लागत असेल तर दोन दिवस 2 मिलिग्रॅमवर घालवू नयेत. आणि काउंटरवरच्या माणसाने "च्युइंगमच आहे" असे म्हटले, तर पैसे द्यावेत, पण ऐकू नये.

माझ्या कार्यालयाच्या खणात अजून एक पत्ता आहे. त्यात चार गोळ्या उरल्या आहेत आणि नोव्हेंबर संपत आला तरी त्या टाकवत नाहीत. परवा मामा खण पुसत होते. पत्ता उलटसुलट करून बघत त्यांनी विचारले, "साहेब, ही आमच्यासारख्या बारवाल्यांस्नी चालती का?" तो क्रमांक तंबाखू खाणाऱ्यांसाठीही आहे, असे मी सांगितले आणि पत्रक त्यांच्या हातात दिले. त्यांनी ते घडी करून खिशात ठेवले, त्याच खिशात, जिथे चुन्याची डबी असते.